विसाव्या वर्षी तुम्ही कुठे होता?

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवारांना मुख्यमंत्री होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. ठराव मुंबईत झाला आणि पेटला मराठवाडा. खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळली गेली, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला, कित्येक कुटुंबं मिळेल ते उचलून गावाबाहेर पडली. विद्यापीठाच्या फलकावर बाबासाहेबांचं नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तेही नामांतर म्हणून नाही, नामविस्तार म्हणून.

या सोळा वर्षांवर बरंच लिहून झालं आहे. मला त्यातली एकच गोष्ट इथे पुढे ठेवायची आहे. माणसाचं राजकीय मत त्याच्या आयुष्यातून कसं उगवतं, हा आपला विषय. आणि तो समजून घ्यायला याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. नामांतराला विरोध करणाऱ्यांत दोन नावं ठळक होती, दोन्ही औरंगाबादची. गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव. दोघंही निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेले, दोघांनीही तुरुंग पाहिलेला. साधेपणाबद्दल आणि निःस्पृहपणाबद्दल त्यांचे विरोधकही त्यांना मानत. ज्यांनी एका जुलमी राज्याशी झुंज घेतली, तेच दलितांच्या मागणीसमोर का उभे राहिले?

सवर्ण होते म्हणून, हे उत्तर लगेच तोंडावर येतं. ते खोटं नाही, पण तेवढ्याने भागत नाही. युवक क्रांती दलासारख्या (युक्रांद) संघटनांतली सवर्ण घरांतली मुलंमुली त्याच काळात नामांतरासाठी रस्त्यावर उतरली होती. जात तीच होती. वय वेगळं होतं आणि त्या वयात पाहिलेलं जग वेगळं होतं.

(एक खुलासा इथेच करतो. केंद्राने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी शहराच्या नव्या नावाला मान्यता दिली. जुन्या घटनांबद्दल लिहिताना मी औरंगाबाद म्हणतो, आजच्याबद्दल लिहिताना छत्रपती संभाजीनगर.)

१९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलं प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणू लागली. निजाम सरकारने बंदी घातली. मुलांनी ती मानली नाही, तेव्हा त्यांना कॉलेजातून काढलं. हे लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचलं. बाहेर पडलेल्या मुलांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. त्या वसतिगृहातला अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. घरची जमीन बेताची, कुटुंबातून कॉलेजात आलेला पहिलाच, शिकण्याची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू, साधी सभा घ्यायची तर 'गश्ती निशान ५३'ची आडकाठी. आणि एका गाण्यापायी नाव कमी होतं. या अपमानाला अर्थ लावून देणारी माणसंही तिथेच होती. कलकत्त्याला गणित शिकून, मार्क्सवादाचं वाचन करून परतलेले गोविंदभाई औरंगाबादच्या सरकारी शाळेत शिक्षक होते; ती नोकरी सोडून ते लढ्यात आले. स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस त्याच वर्षी उभी राहत होती. मुलाच्या मनातली चीड, मास्तरांनी दिलेले शब्द आणि संघटनेने दिलेलं काम या तिन्हींची गाठ पडली. पुढची दहा वर्षं सत्याग्रहात, तुरुंगात, सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेली आणि १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य संपलं. ज्याचं तारुण्य या दहा वर्षांत गेलं, त्याच्यासाठी 'मराठवाडा' हे नाव पाच जिल्ह्यांचं नव्हतं. ते त्याने मिळवलेल्या स्वातंत्र्याचं नाव होतं.

आता याच्या चार वर्षं मागे आणि शहरापासून पंधराएक किलोमीटर पलीकडे जाऊ. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. दिवस रमजानचे. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेलं एक छोटं तळं होतं, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. काहींनी त्या फरसबंदीवर बसून हातपाय-तोंड धुतलं आणि मंडळी दरवाजाशी गेली. आत जायच्या परवानगीचं विचारणं चालू असताना मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला: यांनी आमचं तळं बाटवलं. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, हाणामारीची वेळ आली. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या पाण्याला अडवाल का? त्यावर जमाव गप्प झाला. अखेर मंडळींना किल्ला पाहू दिला, पण एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. मुसलमानांविरुद्धची तक्रार म्हणून तो त्यांनी सांगितलेला नाही. जो हिंदूला अस्पृश्य असतो तो मुसलमानालाही अस्पृश्यच राहतो, हे त्यांना त्यातून दाखवायचं होतं.

हा प्रसंग आणि वसतिगृहातलं वंदे मातरम् एकाच राजवटीत, एकाच जिल्ह्यात, चार वर्षांच्या अंतराने घडलं. पहिल्यातून निजामाची सत्ता जायला हवी एवढं मत होत नाही. सत्ता कुणाचीही असली तरी पाण्याजवळ कोण उभा राहू शकतो, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. बाबासाहेब ३० डिसेंबर १९३८ला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या परिषदेला आले. वसतिगृहातली मुलं वंदे मातरम् म्हणत होती त्याच हिवाळ्यात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळीच सभा भरली होती. दोन्ही ठिकाणची माणसं खरं तेच बोलत होती. दोघांची गाठ मात्र पडली नाही.

१९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली महार-मांगांची पोरं कॉलेजच्या परिसरात, नागसेनवनात राहू लागली. मिलिंदमध्ये शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आलं. पोट भरणं आणि शिकणं ही तिथे दोन कामं राहत नाहीत, एकच झुंज होते. गंगाधर पानतावणे याच परिसरात शिकवत होते, 'अस्मितादर्श' त्यांनी इथूनच चालवलं. नागसेनवनातल्या मुलाच्या गावात १७ सप्टेंबरने तहसीलदार बदलला होता, विहीर बदलली नव्हती. त्याला पहिल्यांदा माणूस म्हणून उभं केलं ते एका नावाने. विद्यापीठ नागसेनवनाला लागूनच. त्या विद्यापीठावर ते नाव असावं, यात त्याला काही उपकार मागायचे नव्हते.

म्हणून १९७८ साली समोरासमोर आली ती दोन मतं आणि त्यांच्यामागची दोन आयुष्यं. माझं स्वतःचं मत इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण असा विषय मांडणारा लेखक सगळ्यांना समजून घेण्याच्या नादात कुणालाच काही म्हणत नाही. ज्येष्ठांचा नामांतरविरोध मला चूक वाटतो. नुसता चूक नाही, त्याची फार मोठी किंमत दुसऱ्यांनी मोजली. शहरातल्या प्रतिष्ठित माणसांच्या भूमिकेने खेड्यातल्या काठीला धीर दिला. पण हा विरोध ढोंगी नव्हता, हेही तितकंच खरं, आणि मला ते जास्त अस्वस्थ करतं. एक अन्याय भोगलेल्या माणसाला दुसऱ्यावरचा अन्याय आपोआप दिसतो, असा आपला भाबडा समज असतो. इथे तो दिसला नाही. स्वतःच्या लढ्याचं सोनं इतकं उजळ होतं की त्याच्या बाहेरचं काही त्यांच्या नजरेत भरेना.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली पिढ्यांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. एका वर्षी जन्मलेली सगळी माणसं एक पिढी होत नाहीत. उमेदीच्या वयात एकाच ऐतिहासिक उलथापालथीत सापडलेली माणसं पिढी होतात, आणि त्या उलथापालथीला वेगवेगळी उत्तरं देणारे गट त्या पिढीच्याही आत पडतात, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेत थिओडोर न्यूकमने १९३०च्या दशकात बेनिंग्टन कॉलेजच्या मुलींचा अभ्यास केला. सनातनी, श्रीमंत घरांतून आलेल्या या मुली कॉलेजच्या मोकळ्या वातावरणात बऱ्याच उदारमतवादी झाल्या, आणि पुढे कित्येक दशकांनी पाहिलं तरी त्यांतल्या बहुतेकींची मतं तिथेच टिकून होती. विसाव्या वर्षाचा ठसा पक्का बसतो, हे यातून निघतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट मला दुसरी वाटते. त्या मुलींना बदललं ते एखाद्या प्रसंगाने नाही, सोबतीने. अनुभव सगळ्यांनाच येतात. त्यांचं मत व्हायला शेजारी कुणीतरी लागतं, जो म्हणेल की हे तुझ्या एकटीच्या नशिबाचं नाही.

आता या शहराची तिसरी गोष्ट, जी बराच काळ कुणी मोठ्याने सांगितली नाही. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्या 'इमरोज'च्या संपादकाला, शोएबुल्ला खानला, ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत ठार केलं. तो मुसलमान होता, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याची पोलीस ॲक्शन सुरू झाली, पाच दिवसांत आटोपली. त्यानंतर जे झालं त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती संस्थानात फिरली. त्यांच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यांत जास्त हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत झाली. हा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. ज्या घरांवर हे गुदरलं, त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारीशी काडीचा संबंध नव्हता. पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या, उर्दूतली सरकारी नोकरी गेली. वर्षातून एकदा शहर मुक्तीचा दिवस साजरा करतं आणि त्या दिवशी काही घरांत कुणी काही बोलत नाही. दौलताबादच्या किल्ल्यातल्या जुन्या जामा मशिदीत पोलीस ॲक्शननंतर भारतमातेची मूर्ती बसली, ती आजही तिथे आहे. शाळेच्या सहलीला गेलेली सगळीच मुलं ती पाहतात. कुणाला काय दिसतं, हे त्याच्या घरी आजोबांनी काय सांगितलं किंवा काय सांगायचं टाळलं यावर ठरतं.

इथे या विषयाचा सगळ्यात अवघड भाग येतो. माणसं स्वतः न जगलेला अनुभवही जगल्यासारखा बाळगतात. आज रझाकारांविषयी सर्वांत त्वेषाने बोलणारे आणि पोलीस ॲक्शनविषयी सर्वांत दुखऱ्या आवाजात बोलणारे बहुतेक जण १९४८ नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेले आहेत. त्यांच्यापर्यंत पोचली ती घटना नाही, गोष्ट पोचली. आणि गोष्ट सांगताना सांगणारा काय वगळतो, ते सांगितलेल्याइतकंच कामाचं असतं. ज्याने प्रत्यक्ष रझाकारी सोसली तो म्हातारा बोलताना कधी कधी त्याच्या घरच्यांना लपवणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याचं नावही घेतो. नातवाच्या भाषणात तो शेजारी गळालेला असतो.

१९८० च्या दशकात हे सारं नव्या रीतीने बाहेर आलं. १९८२ साली औरंगाबादला महानगरपालिका झाली, वाळूजला कारखाने आले, बजाजचा मोठा प्रकल्प उभा राहिला. खेड्यातून पोरांचे लोंढे आले. त्यांना शहरात ना तालीम होती ना भावकी. १९८८ची महापालिकेची पहिली निवडणूक शिवसेनेने गाजवली; मे महिन्यात बाळासाहेब ठाकरे मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बोलले आणि शहराचं नाव संभाजीनगर असल्याचं त्यांनी तिथेच जाहीर केलं. त्याच महिन्यात दंगलही झाली. तेव्हा जे विशीत होते त्यांच्याशी आज बोलावं. शिवसेनेच्या शाखेने आधी काय दिलं, असं विचारलं तर विचारधारा कुणी सांगत नाही. दवाखान्यात धावून येणारा मुलगा सांगतात, पोलीस ठाण्यात बरोबर येणारा सांगतात, नावाने हाक मारणारा सांगतात. विचार त्याच्यामागून आला. किराडपुऱ्यातल्या त्याच वयाच्या मुसलमान मुलाला दंगलीने दुसरंच काही शिकवलं, आणि तीसेक वर्षांनी त्याच्या घरातल्या मतांनी २०१९ साली एमआयएमचे इम्तियाज जलील खासदार झाले, ४,४९२ मतांच्या फरकाने. त्या वेळी एमआयएम आणि दलितांचा पाठिंबा असलेली वंचित बहुजन आघाडी एकत्र होती. १९३४च्या त्या तळ्याच्या दोन बाजूंची नातवंडं एका उमेदवाराच्या मागे उभी राहिली. २०२४ला ती युती नव्हती, आणि जागाही गेली. म्हणजे घडलेली मतं दगडात कोरलेली नसतात. सोबत बदलली की तीच आठवण वेगळ्या बाजूला नेते.

हैदराबाद संस्थानाचंच पाहा. गोविंदभाईंच्या पिढीने ज्या राजवटीचं नाव पुसायला आयुष्य दिलं, तिच्याच दप्तरांत आज मराठा तरुण आरक्षणासाठी आपल्या पणजोबाची कुणबी नोंद शोधतो आहे. ९ ऑगस्ट २०१६ला पहिला मराठा मोर्चा याच शहरात निघाला; २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींना आधार मानलं. कर्जाने वाकलेला बाप आणि भरती न निघालेली वर्षं पाहिलेल्या या मुलाला निजाम हा शत्रू वाटत नाही. तो त्याच्यासाठी कागद आहे.

काही अनुभव मात्र सगळ्यांनी मिळून भोगले, तरी त्यांचं म्हणावं तसं राजकारण झालं नाही. आणि सोबतीबद्दल मी जे म्हणतो त्याचा सगळ्यात चांगला पुरावा तोच आहे. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातल्या लाखो माणसांनी जात विसरून एका रांगेत खडी फोडली, मिलोची तांबडी ज्वारी आणि सुकडी खाल्ली. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली. काम मागणं हा हक्क झाला, कारण त्या कामांवर संघटना पोचल्या होत्या, मोर्चे निघाले होते. मोर्चे थांबले आणि खडीच्या रांगेतली ती सोबतही विरली; दुष्काळानंतर सहा वर्षांनी त्याच गावांत घरं जळाली. आज छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीचं पाणी कित्येक वसाहतींत आठवड्यातून एकदा येतं. गुलमंडी, सिडको, भीमनगर, किराडपुरा, सगळीकडे त्याच निळ्या टाक्या, रात्री-अपरात्री नळ आला की तीच धावपळ, टँकरवाल्याशी तीच हुज्जत. धरण पैठणला, शहरापासून तासाभराच्या वाटेवर. या एका अनुभवात सारं शहर एक आहे. तरी मतपेटीपाशी तो बाजूला राहतो, कारण त्याला शब्द देणारा, रांगेत उभ्या असलेल्या दोघींना एकमेकींची ओळख करून देणारा मास्तर या शहराला अजून भेटलेला नाही.

या पाण्याबद्दल लिहिताना जे प्रकर्षाने जाणवतं ते सांगून थांबतो. वर आलेली जवळजवळ सगळी नावं पुरुषांची आहेत. मुक्तिसंग्रामात बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके बंदूक घेऊन लढल्या. खडीच्या कामांवर अर्ध्याहून जास्त हात बायकांचे दिसत. १९७८ला घर जळताना पोरं काखेत घेऊन निघाल्या त्या बायकाच. त्यांची राजकीय मतं आपण त्यांच्या नवऱ्यांकडून ऐकत आलो. या विषयावर पुढे काम करू पाहणाऱ्यांनी त्यांच्याकडे जावं, आणि जाताना एक ध्यानात ठेवावं. मत कुणाला दिलं असं विचारलं की बाई मुलाकडे बघते. पाणी कुठून आणायच्या, बहात्तरला कुठल्या कामावर होता, लग्न होऊन आलात तेव्हा वेशीतून चालत आलात की गावाबाहेरून, असं विचारलं की ती बोलायला लागते. पहिल्या भेटीत घरातली पुरुषमंडळी समोर बसलेली असतात. दुसऱ्यांदा दुपारी जावं, भांडीकुंडी आवरून झाल्यावर.